सेक्शन कमांडरचे पाय

सैनिक विश्रामगृहाच्या खोलीत मला जाग आली ती ब्रशच्या आवाजाने. उजाडू लागले होते. आबा खिडकीखाली जमिनीवर मांडी घालून बसले होते. डाव्या हाताची मूठ बुटात खुपसलेली, उजव्या हातात ब्रश. दाढी झालेली होती. मिशीची टोके पीळ देऊन बसवलेली होती. पँट रात्री गादीखाली घालून त्यांनी तिला इस्त्री आणली होती आणि ती आता खुर्चीच्या पाठीवर, घडी न मोडता, लटकत होती.

मी उठून बसले. "आबा, आपलं काय ठरलं होतं?"

"काय ठरलं होतं?"

"दाढी करायची नाही. बूट घालायचे नाहीत. साधी चप्पल आणि हातात काठी. सातारच्या डॉक्टरांनी बुटाला हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"बोर्डासमोर चपला घालून जाऊ?" ब्रश न थांबवता ते म्हणाले. "बाजारला चाललोय का मी?"

"तुम्ही आजारी आहात हे दाखवायला चाललोय आपण."

"आजारी माणसानं दाढी करू नये असा कायदा हाय का सरकारचा?"

 बुटाच्या पुढच्या भागात कापूस ठासून भरलेला मला दिसत होता. तिथे बोटे असायला हवी होती. ती वीस-बावीस वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका बर्फाळ चौकीवर काळी पडली आणि मग लष्करी रुग्णालयात कापली गेली. हवालदार आत्माराम घाडगे यांना अपंगत्वाची पेन्शन देऊन घरी पाठवण्यात आले. पुढे काही वर्षांनी लष्करी डॉक्टरांचा फेरतपासणीचा बोर्ड झाला. आबा एकटेच गेले होते, कारण आईचे तेव्हा शेवटचे आजारपण चालू होते. परत आल्यावर "झालं" एवढेच बोलले. मागाहून निकाल आला की दुखापत पूर्ण बरी झाली असून आता अपंगत्व उरलेले नाही.

त्या दिवसापासून पेन्शन आणि लष्करी उपचार, दोन्ही दारे बंद झाली. आणि नेमकी त्यानंतर उजव्या तळव्याला जखम झाली. ती भरेना. तळव्यातली जाणीव बर्फातच गेलेली, त्यामुळे जखम वाढली तरी त्यांना कळत नसे. सातारच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते, "हे हाडापर्यंत पोचायच्या बेतात आहे. अशा पायांचे जाणकार सर्जन लष्कराकडे आहेत. तिथे नेता आलं तर पाय वाचेल. नाहीतर गुडघ्याखालून जाईल." पण लष्कराचे म्हणणे असे, की ही नवी जखम आहे, जुन्या दुखापतीशी तिचा संबंध नाही, कारण जुनी दुखापत तर बरी झाली आहे. धाकटा भाऊ विलास स्वतः पलटणीत, आसामात. मग शाळेतून रजा काढून काढून मीच हिंडत राहिले. जिल्ह्याची सैनिक कचेरी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे बोट दाखवी, रेकॉर्ड ऑफिस बोर्डाकडे, आणि बोर्ड पुन्हा जिल्ह्याकडे. अखेर अपील मंजूर झाले आणि आजचा हा बोर्ड मिळाला. यानंतर दुसरा नव्हता. तसे कारकुनाने मला दोनदा बजावले होते.

"शालन," बूट शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवत आबा म्हणाले, "चहा सांग. आणि तू तोंड असं करू नकोस. मी सांगतो त्यांना सगळं."

"काय सांगणार?"

"जे हाय ते."

"म्हणजे काय, ते म्हणून दाखवा."

शाळेतल्या ढ पोरासारखे त्यांनी छताकडे पाहत म्हणून दाखवले, "पायाला जखम हाय. चालाय येत न्हाई. पायात जीव न्हाई." मग माझ्याकडे बघून हसले. "पास?"

"पास," मी म्हणाले.

*

रुग्णालयाच्या व्हरांड्यात लांबच लांब बाक होता आणि त्यावर आमच्यासारखेच लोक बसले होते. कुणाच्या मांडीवर कागदांची पिशवी, कुणाच्या सोबत बायको. कुणी कुणाशी फारसे बोलत नव्हते. बोलत होता तो फक्त आमच्या शेजारचा माणूस. पोलादपूरकडचा, नाईक शेलार म्हणून. त्याच्या सदऱ्याची डावी बाही दुमडून खांद्याशी टाचणीने टोचलेली होती.

"माझं सोपं आहे ताई," तो मला म्हणाला. "हात नाही तो नाही. डॉक्टर शोधून शोधून किती शोधणार? तरी दर खेपेला विचारतात, काही फरक आहे का? मी म्हणतो, साहेब, अजून उगवला नाही."

आबांना हसू आले. शेलारने त्यांच्या बुटांकडे पाहिले. "अवघड तुमचं आहे, हवालदारसाहेब. तुमचं सगळं बुटात झाकलेलं. त्यात बूट असे, की बघणाऱ्याला वाटेल परेडला निघालेत. माझं ऐका. आत शिरलात की पहिलं काम, कण्हायचं."

"मेलो तरी न्हाई."

"मेल्यावर कण्हता येत नाही. म्हणून तर आधी कण्हा म्हणतोय."

"नाटक करायचं?"

"नाटक कसलं? तुमचा पाय खराब आहे ना?"

"हाय."

"मग खऱ्याचंच नाटक करायचं आहे. खोट्याचं करणारे वेगळे."

आबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. खऱ्याखोट्याच्या बाबतीतला त्यांचा हा हट्ट माझ्या ओळखीचा होता. लहानपणी ते रजेवर येत, तेव्हा रोज संध्याकाळी मला आणि विलासला ओट्यावर बसवून आमचे पाय तपासत. कंदील जवळ घेऊन, "पाय पुढे! उजवा आधी!" असा हुकूम सोडत. मग बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा सगळे अंगठ्याने दाबून बघत. पलटणीत मार्चनंतर प्रत्येक सेक्शन कमांडर आपल्या हाताखालच्या दहा जवानांचे पाय असेच बघतो, असे ते सांगत. सुईच्या भीतीने आम्ही काटे लपवायचो. विलास तर "काहीच नाही, ठीक आहे" म्हणत हसून दाखवायचा. आबा न बोलता नेमक्या जागी अंगठा दाबत आणि विलास किंचाळे. "माणूस खोटं बोलतो, पाय बोलत नाहीत," असे म्हणून ते सुई मागत. तपासणीच्या शेवटी निकाल. "फिट" म्हटले की उद्या शाळा. "अनफिट, उद्या मार्च नाही" म्हटले की सुट्टी. त्या सुट्टीसाठी आम्ही काट्यात पाय घालायलाही तयार असायचो.

उन्हे व्हरांड्यात शिरली, बाकाच्या पायापर्यंत आली. शेलारला आत बोलावले गेले आणि थोड्याच वेळात तो बाहेर आला. जाताना त्याने एकाच हाताने आबांना सॅल्यूट केला आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही आत जा यांच्यासोबत. हा माणूस एकटा सोडायचा नाही."

*

दारावरच्या शिपायाने मला अडवले, पण आतून एका बाईंचा आवाज आला, "बेटी साथ है? आने दो."

टेबलामागे तिघे होते. मध्ये अध्यक्ष, एक कर्नल बाई, कानशिलावरचे केस पांढरे झालेल्या. त्यांच्या एका बाजूला पोक्त सर्जन आणि दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा तरुण कॅप्टन. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि बसल्यावर माझ्या ध्यानात आले, की आबांच्या हातात काठी नाही. ती त्यांनी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती.

टाचा जुळल्याचा आवाज झाला. "जय हिंद, साहब!"

"जय हिंद. कैसे हैं, हवलदार साहब?"

"ठीक हूँ, साहब."

मी डोळे मिटून घेतले.

"पैर में दर्द?"

"नहीं, साहब."

ते खोटे नव्हते. ज्या पायात जीवच नाही तो दुखणार कसा?

"चलने में तकलीफ?"

"कोई तकलीफ नहीं, साहब."

"ज़रा चलकर दिखाइए."

आबा चालले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छाती पुढे, हनुवटी वर, हात खांद्याच्या रेषेत. भिंतीशी पोचल्यावर त्यांनी पीछे मुड केले आणि परत आले. घरी ओट्यावरून अंगणात उतरताना ते माझ्या खांद्याचा आधार घेत. कॅप्टनचे पेन कागदावर सरसर चालले होते. त्या आवाजाबरोबर गेल्या बोर्डाचा सगळा प्रसंग मला आपोआप दिसू लागला. इतकी वर्षे मी त्या डॉक्टरांना आंधळे म्हणत होते. कुणीही आंधळे नव्हते. त्यांनी जे ऐकले तेच लिहिले होते.

"जूते उतारिए," सर्जन म्हणाले.

आबा हलले नाहीत.

"हवलदार, जूते उतारिए. पैर देखना है."

"ज़रूरत नहीं, साहब. सब ठीक है."

वरिष्ठाने सांगितलेले आबांनी ऐकले नाही, असे मी आयुष्यात प्रथमच पाहत होते. सर्जनांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज रागीट नव्हता. सकाळपासून हेच करून आलेला शीण तेवढा त्यात होता. "बाहर इतने लोग बैठे हैं. आप कहते हैं ठीक है, तो अपील किसलिए?"

कर्नलबाई म्हणाल्या, "ज़बरदस्ती मैं नहीं कर सकती, साहब. आपने मना किया, तो मुझे वही लिखना पड़ेगा. फिर केस यहीं बंद."

आबा ताठ उभे होते. मानेवरची शीर उडत होती. डोळे समोरच्या भिंतीवर. मी विनवणी केली असती, रडले असते, तरी ते तसेच उभे राहिले असते. हे मला माहीत होते. जखम, कागद, कचेऱ्या, सातारचे डॉक्टर, कशाचाही उच्चार उपयोगाचा नव्हता. मी खुर्चीवरून उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून त्यांचाच आवाज बाहेर पडला.

"पाय पुढे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"उजवा आधी," मी म्हणाले.

 आबांच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि मग तो गेला. त्याच्या मागे जे उरले ते मी आजवर कधी पाहिले नव्हते. ते स्टुलावर बसले. वाकून त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली. बूट निघाला. त्यापाठोपाठ कापूस निघाला, पुढे पांढरा आणि तळाशी काळपट ओला. मोजा तळव्याला चिकटला होता. तो सोडवताना कॅप्टनने लिहिणे थांबवले आणि खिडकी उघडली.

सर्जन हातमोजे चढवून जमिनीवरच गुडघे टेकून बसले. "यहाँ लगता है?"

"नहीं, साहब."

"यहाँ?"

"नहीं."

सर्जनांनी दिवा जवळ ओढला आणि चिमटा मागितला. टाचेच्या जरा पुढे, जखमेच्या कडेला, काहीतरी काळे रुतले होते. त्यांनी ते हलक्या हाताने ओढले. बाभळीचा काटा होता, बोटाच्या पेराएवढा, मुळाशी मोडलेला. आमच्या घरामागच्या बांधावर बाभळी होत्या.

"ये कब लगा?"

आबा काट्याकडे बघत राहिले. "पता नहीं, साहब."

"ये आपका 'ठीक' है?" कर्नलबाई हळूच म्हणाल्या.

 आबा म्हणाले, "साहब, मैं सेक्शन कमांडर था."

प्रश्नाशी या उत्तराचा काय संबंध, ते मला कळले नाही. कर्नलबाईंना मात्र कळले असावे. आबांकडे पाहत त्या म्हणाल्या, "समझ गई, साहब." मग कॅप्टनकडे वळून त्यांनी सांगितले, आधीचा कागद बाजूला ठेवा, नवा घ्या. आणि यांना आजच्या आज भरती करा.

*

भरती करा म्हणणे सोपे होते. पुढे दुपारभर मी या इमारतीतून त्या इमारतीत चालत होते. एका खिडकीवर शिक्का हवा होता, तर दुसरीवर शिक्क्याच्या वर सही. तिसऱ्या खिडकीतला माणूस जेवायला गेलेला. वॉर्डात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती.

आबा पलंगावर बसले होते. उजव्या पायाला स्वच्छ पांढरे बँडेज होते. बूट पलंगाखाली, टाचा जुळवून. मी खुर्चीवर टेकले.  शेजारच्या पलंगावरचा पेशंट रेडिओवर बातम्या ऐकत होता.

"तू मला हुकूम सोडलास," आबा म्हणाले.

"चुकले का?"

"न्हाई." ते थांबले. "मागच्या वेळी बी बूट काढले न्हवते मी. तवा त्यांनी फार विचारलं न्हाई."

"का, आबा? पाय जायची वेळ आली. कुणासाठी झाकत होता?"

ते बँडेजवरून हात फिरवत बसले.  मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, अगदी सावकाश, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत सांगत आहेत.

"चौकीवर रोज सांजच्याला मी माझ्या पोरांचे पाय बघायचो. बर्फात तेच काम मोठं. बोट पांढरं पडलं की लगेच काखेत धरून गरम करायचं, वेळ गेली की काळं पडतं. पोरं लपवायची. खाली पाठवतील म्हणून. मी हुडकून काढायचो. माझ्या सेक्शनचं एकबी बोट गेलं न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पण कमांडरचे पाय कोण बघणार? तसा रिवाज न्हाई. मला कळत हुतं, बूट काढला तर काय दिसंल ते. म्हणून काढलाच न्हाई. रोज वायरलेसवर लेफ्टनंटसाहेब विचारायचे, मी सांगायचो, ऑल फिट, साहब."

रेडिओवरच्या बातम्या संपल्या.

"ऑल फिट म्हंजे त्यात मी बी आलो ना," आबा म्हणाले. "रिपोर्ट खोटी दिली मी, शालन. रोज. कुणाला पाय दाखवायचा म्हंजे ते सांगायचं."

 एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी पेन्शन गेली तरी चालवून घेतली होती आणि पायही जाऊ दिला असता.

तो पाय पूर्ण गेला नाही. पुढे शस्त्रक्रिया झाली, अर्धे पाऊल कापावे लागले, गुडघा आणि टाच वाचली. बोर्डाने जुन्या दुखापतीचाच हा परिणाम असल्याचे मान्य केले. तो निर्णय कागदावर उतरून आमच्या घरी पोचायला आणखी एक उन्हाळा जावा लागला. लष्कराच्या कारखान्यात आबांसाठी खास बूट तयार झाले आणि ते घालून ते आणखी पुष्कळ वर्षे चालले. "कसे आहात?" असे कुणी विचारले की शेवटपर्यंत "ठीक" म्हणत. फक्त घरी, संध्याकाळी, मी न सांगता पाय पुढे करत.

पण त्या संध्याकाळी यातले काहीच आम्हाला माहीत नव्हते. मी पिशवीतले कागद काढून उद्याचे लावून ठेवत होते. बोर्डाचे उरलेले कागद द्यायला सकाळी कचेरी उघडताच पहिल्या खिडकीवर उभे राहायचे होते.

"चप्पल काढ," आबा म्हणाले.

"कशाला?"

"काढ म्हंतो ना. पाय पुढे."

मला हसू आले. शेजारच्या पेशंटने मान वळवून पाहिले. मी उगाच नाही-नाही म्हणत चप्पल काढली. तिचा अंगठा दुपारीच तुटला होता आणि मी त्याला सेफ्टी पिन लावली होती. आबांनी माझा पाय उचलून पलंगावर, आपल्या मांडीवर घेतला. टाचेच्या भेगांत धूळ बसून काळ्या रेघा पडल्या होत्या. करंगळीजवळ फोड येऊन फुटला होता. अंगठ्याचे नख निळे पडले होते.

"उजवा आधी," ते म्हणाले. "हा डावा हाय."

"दोन्ही सारखेच आहेत, आबा. ठीक आहेत."

त्यांनी नखावर अंगठा दाबला. माझ्या तोंडून आवाज निघाला.

"हे कधीचं?"

"काय माहीत," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी मला चिमट्यातला तो काटा दिसला.

आबांनी वर पाहिले नाही. बोटांच्या बेचक्या एक एक करून ते तपासत राहिले. त्यांचे हात तसेच होते. खरखरीत, गरम, घाई नसलेले. बऱ्याच वेळाने त्यांनी निकाल दिला.

"अनफिट. उद्या मार्च नाही."

"आबा, उद्या कचेरीत जायलाच हवं. नाहीतर सगळं पुन्हा अडेल."

"अडू दे."

त्यांनी पाय सोडला नव्हता. वॉर्डातले दिवे एकेक करून मंद होऊ लागले होते. परिचारिका दारात येऊन भेटायची वेळ संपल्याचे सांगून गेली. मला उठायला हवे होते.

मी पाय ओढून घेतला नाही.